आरोग्याचे प्रश्न : प्रतिकारयंत्रणेचा लगाम ढिला पडतो तेव्हा

मागील अंकात थायरॉईडविषयीच्या एका उत्तरात ‘हा ऑटोइम्यून आजार आहे’, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होणारा आजार, एवढेच वाक्य मी लिहिले होते आणि पुढे गोळीच्या मात्रेकडे वळलो होतो. त्या एका वाक्याविषयी बरीच पत्रे आली. कोणाला आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे, कोणाच्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे, कोणाच्या हातात नुकताच ‘एएनए पॉझिटिव्ह’, म्हणजे पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडली, असा अहवाल पडला आहे; आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात भीतीपेक्षा गोंधळ अधिक आहे. म्हणून या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या मुलीला ल्युपस असल्याचे तीन महिन्यांपूर्वी कळले. तिची प्रतिकारशक्ती तिच्याच शरीरावर उलटली आहे, असे डॉक्टर म्हणाले. घरी येणारा प्रत्येक जण तिला प्रतिकारशक्ती वाढवणारे काहीतरी घ्यायला सांगतो आणि डॉक्टरांनी तर ती कमी करणारी औषधे दिली आहेत. मुळात तिची प्रतिकारशक्ती जास्त आहे की कमी?

उत्तर : जास्त की कमी, या मापाने या आजाराकडे पाहिले की गोंधळ होणारच, कारण येथे बिघाड ताकदीत झालेला नसतो, आपले कोण आणि परके कोण हे ओळखण्यात, आणि ओळख चुकली तरी हात आवरण्यात तो झालेला असतो. हे नीट कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्या रक्तात लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांपैकी टी पेशी स्वतः हल्ला करतात किंवा इतर पेशींना हल्ल्याची सूचना देतात, तर बी पेशींपासून प्रतिपिंडे, म्हणजे शत्रूला जाऊन चिकटणारी प्रथिने, तयार होतात. अशा प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक आकाराच्या रेणूलाच पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. उद्या कोणता जंतू येईल हे शरीराला आधी कळू शकत नाही, म्हणून हे ग्राहक घडवताना जनुकांचे तुकडे पत्ते पिसावेत तसे पिसले जातात आणि कोट्यवधी निरनिराळे आकार आधीच तयार ठेवले जातात. ही योजना विलक्षण आहे, पण धोकाही तिच्यातच आहे. न बघता पिसलेल्या या पत्त्यांतून काही आकार असे निघणारच, की जे जंतूऐवजी आपल्याच सांध्याला, आपल्याच ग्रंथीला किंवा आपल्याच पेशींच्या केंद्रकातील द्रव्याला पकडतील.

म्हणून शरीर निवड करते. टी पेशी छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत वाढतात आणि तेथेच त्यांची परीक्षा होते. काही पेशी कामाच्या नाहीत म्हणून, तर काही आपल्याच रेणूंना घट्ट चिकटतात म्हणून मारल्या जातात, आणि शंभरातल्या जेमतेम चार-पाच पेशी जिवंत बाहेर पडतात. इन्सुलिनसारखी दूरच्या अवयवांतील प्रथिनेही थायमसमध्ये परीक्षेपुरती तयार केली जातात, आणि हे काम ज्या जनुकामुळे होते तो एआयआरई जनुक १९९७ मध्ये ओळखला गेला. हा जनुक ज्यांच्यात जन्मतःच बिघडलेला असतो त्यांच्या अनेक ग्रंथी लहान वयातच एकामागून एक निकामी होतात.

ही चाळणी कडक असली तरी तिच्यातून काही पेशी निसटतातच. तुमच्या, माझ्या आणि पूर्ण निरोगी असलेल्या कोणाच्याही रक्तात आपल्याच शरीरावर चालून जाऊ शकतील अशा पेशी आज, या घटकेला फिरत आहेत. त्या काही करत नाहीत, याचे कारण त्यांच्यावर लगाम आहे. तो धरणाऱ्या पेशींना नियामक टी पेशी म्हणतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांची ओळख पटवली. २००१ मध्ये मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ हा जनुक शोधला आणि या पेशी घडण्यासाठी तोच लागतो हे पुढे सिद्ध झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या मुलग्यांमध्ये फॉक्सपी३ जन्मतः बिघडलेला असतो त्यांना अगदी तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि अंगभर इसब असे सारे एकदम होते. लगाम नसेल तर काय होईल याचा याहून स्पष्ट पुरावा माझ्या माहितीत नाही.

आता तुमच्या मुलीविषयी. ल्युपसमध्ये प्रतिपिंडे पेशींच्या केंद्रकातील डीएनए आणि प्रथिनांविरुद्ध तयार होतात. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांचे अवशेष लगेच उचलले जातात. ल्युपसमध्ये ही सफाई मंदावते, उघड्यावर राहिलेल्या द्रव्याला प्रतिपिंडे चिकटतात, आणि त्या दोघांचे मिळून झालेले पुंजके मूत्रपिंडांच्या बारीक गाळण्यांत, त्वचेत आणि सांध्यांत अडकून तेथे दाह पेटवतात. तिची प्रतिकारयंत्रणा अशी नको त्या कामात गुंतलेली असल्यामुळे खऱ्या जंतूंशी लढण्यात ती उलट कमीच पडू शकते. म्हणजे एकाच वेळी ती घरच्यांवर चालून जाते आणि दारावरच्या पहाऱ्यात चुकते. अशा स्थितीत ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून विकले जाणारे कोणतेही चूर्ण वा कॅप्सूल तिला डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. प्रेमाने दिलेला सल्लासुद्धा येथे घातक ठरू शकतो, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना तुम्हीच ठामपणे सांगितले पाहिजे. आजारी मुलीने प्रत्येकाशी वाद घालत बसावे, ही अपेक्षा योग्य नाही.

प्रश्न : पूर्वी हे आजार ऐकिवात नव्हते. ही नव्या जीवनपद्धतीची देणगी समजावी काय?

उत्तर : आजार जुने आहेत, त्यांना मिळालेले नाव नवे आहे. सांधे वाकडे करणारा आमवात, चेहऱ्यावर फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा उमटवणारा ल्युपस, अंगावरचे कोड ही सारी वर्णने ऑटोइम्यून हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधीची आहेत. कारण उशिरा कळले, आणि ते उशिरा कळण्यामागे एका मोठ्या शास्त्रज्ञाचा दबदबाही होता. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिक यांनी शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचून पाहिले. शेळीच्या शरीरात दुसरीच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, पण स्वतःच्या रक्ताविरुद्ध कधीच नाहीत. यावरून त्यांनी मांडले, की शरीराला स्वतःला विष देण्याची जणू दहशतच आहे. निरीक्षण अचूक होते. त्यातून शरीर स्वतःवर उलटूच शकत नाही असा अर्थ अनेकांनी काढला, आणि तो मात्र चुकीचा होता.

खरे तर १९०४ मध्येच डोनाथ आणि लॅंडस्टायनर यांनी थंडीत लघवी लाल होणाऱ्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारे प्रतिपिंड दाखवून दिले होते. त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. हाकारू हाशिमोतो यांनी थायरॉईडच्या ज्या आजाराचे वर्णन १९१२ मध्ये केले त्याचे मूळ १९५६ मध्ये कळले. त्या एका वर्षात नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना सशांच्याच थायरॉईडचा अर्क टोचून तसाच आजार निर्माण केला, आणि लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोतो आजाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे शोधून काढली. तेथून या शास्त्राचा रस्ता खुला झाला.

तुमच्या शंकेत तथ्य आहे ते एवढे, की काही आजारांचे प्रमाण खरोखर वाढले आहे. मुलांमधील टाइप १ मधुमेह अनेक देशांत गेली कित्येक दशके वाढत आहे, आणि दोन-तीन पिढ्यांत माणसाचे जनुक बदलत नाहीत. तेव्हा ही वाढ भोवतालच्या परिस्थितीतूनच आलेली असणार. नेमके कोणते कारण, यावर मात्र एकमत झालेले नाही.

प्रश्न : आईला आमवात आहे. मला आणि माझ्या बहिणीला तो होणारच का? स्त्रियांनाच हे आजार अधिक का होतात?

उत्तर : होणारच असे नाही. वारशाने येते ती प्रवृत्ती. जुळ्या भावंडांवरून हे सर्वांत चांगले कळते. एकसारख्या जुळ्यांचे जनुक जवळजवळ तंतोतंत सारखे असतात, तरीही त्यांच्यातील एकाला आमवात झाला तर दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण शंभरात सुमारे १५ एवढेच आढळले आहे. जनुकांच्या हाती सारे असते तर ते शंभर असते. या प्रवृत्तीत सर्वांत मोठा वाटा एचएलए जनुकांचा असतो, कारण टी पेशींपुढे रेणूंचे तुकडे धरून दाखवणारी प्रथिने त्यांच्यापासून बनतात. मणक्यांचा ताठर संधिवात आणि एचएलए बी२७ यांचा संबंध १९७३ मध्ये उघड झाला आणि तो अतिशय घट्ट आहे; तरीदेखील बी२७ असलेल्या बहुसंख्य लोकांना तो संधिवात आयुष्यात कधीच होत नाही. केवळ हा जनुक आहे एवढ्यावरून घाबरून जाणारी तरुण मुले मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

स्त्रियांविषयी तुमचे निरीक्षण बरोबर आहे. ल्युपसमध्ये दहातल्या सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात, आमवातात स्त्रिया पुरुषांच्या दोन ते तीनपट असतात, तर मणक्यांच्या ताठर संधिवातात पुरुषांचे प्रमाण अधिक असते. संप्रेरकांचा परिणाम आहेच, पण एक्स गुणसूत्राचा वाटाही मोठा आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि त्यांतील एक झिस्ट नावाच्या आरएनएने झाकून बंद ठेवलेले असते. हे कुलूप काही ठिकाणी सैल राहते आणि प्रतिकारयंत्रणेला चेतवणारे काही जनुक दुप्पट कामाला लागतात. शिवाय, झिस्ट आणि त्याला चिकटलेली प्रथिने यांचे पुंजकेच प्रतिपिंडांना चिथावतात असे २०२४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. झिस्ट तयार करायला लावलेल्या, मुळात प्रवृत्ती असलेल्या नर उंदरांमध्येही ल्युपससारखा आजार उद्भवला.

तुम्हा दोघांच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. धूम्रपानामुळे फुप्फुसांतील प्रथिनांमध्ये असा रासायनिक बदल होतो, की काही लोकांची प्रतिकारयंत्रणा त्यांना परके समजू लागते, आणि त्यांच्याविरुद्ध तयार होणारी अँटी-सीसीपी नावाची प्रतिपिंडे सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात सापडू शकतात. आईला आमवात असणाऱ्याने सिगारेटला हात लावू नये.

प्रश्न : हे आजार एखाद्या तापानंतर सुरू होतात, हे खरे आहे का?

उत्तर : काही आजारांत हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. घशाला संसर्ग करणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या अंगावरील प्रथिने हृदयातील प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. जंतूसाठी तयार झालेली प्रतिपिंडे आणि पेशी हृदयाच्या झडपांवर जातात आणि ऱ्हुमॅटिक ताप येतो. म्हणूनच मुलांच्या अशा घसादुखीत डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक बरे वाटू लागले तरी पूर्ण दिवस द्यायचे असते. जुलाब घडवणाऱ्या कॅंपायलोबॅक्टर जंतूचे मज्जातंतूंच्या आवरणाशी असेच साम्य असल्यामुळे काहींचे हातपाय पुढच्या काही आठवड्यांत लुळे पडतात. त्याला गिलां-बारे आजार म्हणतात. मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला होणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिसबाबत २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर या आजाराची शक्यता सुमारे ३२ पटींनी वाढल्याचे आढळले. हा विषाणू बहुतेक सगळ्या माणसांना कधी ना कधी गाठतो आणि मल्टिपल स्क्लेरोसिस फार थोड्यांना होतो, हेही त्याच वेळी लक्षात ठेवावे. संसर्ग ठिणगी टाकतो, पण आग लागायची तर सुकलेले गवत आधीपासून असावे लागते.

काही औषधांनीही असे घडते. हायड्रॅलाझिन आणि प्रोकेनामाइड यांच्यामुळे ल्युपससारखा आजार होतो आणि औषध थांबवल्यावर तो बहुधा ओसरतो. कर्करोगावरची काही नवी औषधे तर प्रतिकारयंत्रणेचा लगाम मुद्दाम सोडतात. गाठ आक्रसते, आणि काही रुग्णांत थायरॉईड, आतडे किंवा त्वचा त्या मोकळ्या सुटलेल्या पेशींच्या तावडीत सापडते.

प्रश्न : मी थायरॉईडसाठी एका, कोडासाठी दुसऱ्या आणि सांध्यांसाठी तिसऱ्या डॉक्टरांकडे जाते. हे तीन आजार आहेत की एकच? त्यांची वर्गवारी कशी करतात?

उत्तर : आजार तीन असले तरी त्यांना पोसणारी प्रवृत्ती एकच असू शकते, म्हणूनच एक झाला की दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. तिन्ही डॉक्टरांना उरलेल्या दोघांची औषधे माहीत असली पाहिजेत. सर्व चिठ्ठ्या एकाच वहीत लावा आणि ती वही प्रत्येक वेळी बरोबर न्या.

सर्वांत सोयीची वर्गवारी म्हणजे हल्ला कोठे होतो हे पाहणे. हाशिमोतो आजारात तो थायरॉईडपुरता असतो, टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशींपुरता, कोडात रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींपुरता; हे एकाच अवयवाचे आजार झाले. दुसऱ्या टोकाला ल्युपस आहे, ज्यात लक्ष्य प्रत्येक पेशीत असल्यामुळे कोणताही अवयव सुटत नाही. आमवात सांध्यांचा म्हणून ओळखला जातो, पण फुप्फुसे, डोळे आणि रक्तवाहिन्याही त्याच्या तावडीत येऊ शकतात, म्हणून तोही सर्वांगीण गटातच मोडतो.

मला स्वतःला हल्ला कसा होतो यावरून केलेली वर्गवारी अधिक उद्बोधक वाटते, कारण उपचाराची दिशा तिच्यातून कळते. ग्रेव्हज आजारात प्रतिपिंड थायरॉईडच्या ग्राहकाला चिकटून त्याला सतत चालूच ठेवते, आणि ग्रंथी थांबेनाशी होते. मायस्थेनिया या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात प्रतिपिंड स्नायूच्या ग्राहकाला चिकटून त्याचे काम अडवते आणि त्याचा नाशही घडवते, म्हणून संध्याकाळपर्यंत पापण्या जड होतात. मायस्थेनिया असलेल्या आईच्या नवजात बाळालाही काही वेळा थोडे आठवडे अशक्तपणा राहतो आणि आईकडून आलेली प्रतिपिंडे संपली की तो आपोआप जातो. प्रतिपिंडच दोषी असल्याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही. ल्युपसमधील पुंजक्यांविषयी वर लिहिलेच आहे. टाइप १ मधुमेहात मात्र प्रत्यक्ष संहार टी पेशी करतात आणि प्रतिपिंडे ही त्या संहाराची रक्तात दिसणारी खूण असते.

प्रश्न : केस गळतात म्हणून तपासण्या केल्या, त्यात एएनए पॉझिटिव्ह आले. इंटरनेटवर वाचून झोप उडाली आहे. मला ल्युपस आहे का?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. रक्त ८० पट पातळ केल्यावरही एएनए सापडणारी माणसे निरोगी लोकांतही शंभरात सुमारे १३ असतात, आणि १६० पट पातळ केल्यावरही सुमारे पाच असतात. ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात ही तपासणी पॉझिटिव्ह येते. उलट दिशेने ते खरे नाही. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एएनएला फक्त दारातून आत येण्यापुरते स्थान आहे. त्यानंतर ताप, तोंडातील व्रण, सांधे, त्वचा, रक्तपेशी, लघवीतील प्रथिने अशा गोष्टींना गुण देऊन त्यांची बेरीज दहा झाली तरच ‘ल्युपस’ हे वर्गीकरण होते. तेही निकष मुळात संशोधनासाठी रुग्ण निवडता यावेत म्हणून केलेले आहेत. निदान डॉक्टरने रुग्णाला तपासूनच करायचे असते. लक्षणे नसताना ही तपासणी सरसकट सांगण्याची जी सवय पसरली आहे ती मला चुकीची वाटते, कारण तिच्यातून उत्तरापेक्षा धास्तीच अधिक मिळते. सांध्यांना सूज, उन्हात उठणारे चट्टे, फेसाळ लघवी यांपैकी काही असेल तर संधिवाततज्ज्ञांना भेटा. काहीच नसेल तर केस गळण्याचे दुसरे कारण शोधायला हवे.

प्रश्न : स्टेरॉईडने वजन वाढते, हाडे ठिसूळ होतात असे ऐकले, म्हणून मी गोळ्या बंद केल्या. मेथोट्रेक्सेट तर कर्करोगाचे औषध आहे असे कळले. सुरक्षित उपाय कोणता?

उत्तर : सर्वांत आधी, स्टेरॉईड अचानक बंद करू नका, आजच आपल्या डॉक्टरांशी बोला. काही आठवडे बाहेरून स्टेरॉईड मिळाले की आपल्या मूत्रपिंडांवरील ग्रंथी ते बनवणे कमी करतात, आणि गोळी एकदम थांबली तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. मात्रा हळूहळूच उतरवायची असते.

तुमची भीती मात्र निराधार नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिझोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये त्यांना केंडॉल आणि राइखश्टाइन यांच्यासह नोबेल मिळाले. पाठोपाठ सुजलेले चेहरे, ठिसूळ हाडे, वाढलेली साखर यांच्या नोंदी येऊ लागल्या. या अनुभवातूनच आजची पद्धत घडली: भडका विझवण्यासाठी स्टेरॉईड, लागेल तेवढेच आणि शक्य तितके थोडे दिवस, आणि लगाम धरून ठेवण्यासाठी सावकाश काम करणारी दुसरी औषधे.

मेथोट्रेक्सेट हे त्यांपैकी आमवातातले मुख्य औषध आहे. कर्करोगात ते कितीतरी मोठ्या मात्रेत देतात; आमवातात ते आठवड्यातून एकदाच, लहान मात्रेत आणि फॉलिक आम्लाच्या जोडीने दिले जाते. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेल्यामुळे मृत्यू झालेले आहेत, म्हणून वार ठरवा, तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. यकृत व रक्तपेशींची तपासणी ठरलेल्या दिवशी झालीच पाहिजे. ल्युपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हा पाया आहे. ते मुळात हिवतापाचे औषध असून वर्षानुवर्षे चालते, फक्त डोळ्यांच्या पडद्याची नियमित तपासणी लागते.

एवढ्याने भागले नाही तर बायोलॉजिकल औषधे आहेत. यंत्रणा सरसकट दाबण्याऐवजी ती एखादा संदेश किंवा एखादी पेशी नेमकी रोखतात. टीएनएफ हा दाहाचा संदेश अडवला तर आमवात शांत होतो, हे मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी लंडनमध्ये १९९० च्या दशकात रुग्णांवर दाखवून दिले. रिटुक्सिमॅब बी पेशी काढून टाकते. टीएनएफ हाच संदेश शरीरात दबून राहिलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडूनही ठेवतो, त्यामुळे तो अडवणारे औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी टाळता येत नाही. ही औषधे चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी घेऊ नयेत. इतर लसी मात्र घ्याव्यात, आणि शक्यतो औषध सुरू होण्यापूर्वीच.

प्रत्येक ऑटोइम्यून आजारात प्रतिकारयंत्रणा दाबावी लागते असेही नाही. थायरॉईड निकामी झाली असेल तर थायरॉक्सिनची गोळी पुरते. आतड्याच्या सिलिअ‍ॅक आजारात चिथावणारा पदार्थच नेमका माहीत आहे, म्हणून अन्नातील ग्लुटेन (गव्हातील प्रथिन) पूर्ण थांबवले की बहुतेकांचे आतडे सावरते. उरलेल्या आजारांतही असा एखादा पदार्थ असेल या आशेने पथ्यामागून पथ्ये करणाऱ्यांविषयी मला कणव वाटते, कारण त्यात वजन उतरते आणि आजार तेथेच राहतो.

प्रश्न : ल्युपस असताना मूल होऊ द्यावे का?

उत्तर : होय, पण ठरवून. आजार निदान सहा महिने शांत असावा. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट (प्रतिकारयंत्रणा दाबणारे आणखी एक औषध) गर्भाला घातक असल्यामुळे ती आधीच बदलून घ्यावीत, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालूच ठेवावे. आईच्या रक्तात अँटी-रो नावाची प्रतिपिंडे असल्यास बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याची शक्यता शंभरात एक-दोन असते, म्हणून गर्भाच्या हृदयाकडे विशेष लक्ष ठेवले जाते.

प्रश्न : माझ्या मोठ्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे. धाकटी नऊ वर्षांची आहे. तिलाही तो होईल का? आणि हे आजार मुळातून बरे होण्याची काही आशा आहे का?

उत्तर : आशा आहे, आणि ती आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. जर्मनीत एर्लांगन येथे २०२१ मध्ये ल्युपसच्या एका तरुणीच्या स्वतःच्या टी पेशी काढून, त्यांना बी पेशी ओळखून मारण्यास शिकवून, पुन्हा तिच्या शरीरात सोडल्या गेल्या. २०२२ मध्ये अशा पाच रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पाचही जणांचा आजार शमला आणि औषधे थांबवता आली. काही महिन्यांनी नव्या बी पेशी परतल्या, तरी आजार परतला नव्हता. रुग्ण अजून मोजके आहेत आणि उपचार जड आहे, त्यामुळे ‘मुळातून बरा’ हा शब्द मी आज वापरणार नाही.

तुमच्या मुलीसाठी अधिक जवळची गोष्ट दुसरी आहे. भावंडाला टाइप १ मधुमेह असताना दुसऱ्या मुलाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात पाच-सहा असते, म्हणजे न होण्याचीच शक्यता कितीतरी अधिक. हा आजार तहान लागण्याच्या कितीतरी आधी रक्तातील प्रतिपिंडांत दिसतो. लहान वयात दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडे आढळलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ७० मुलांना पुढील दहा वर्षांत मधुमेह झाल्याचे आढळले आहे. अशा मुलांमध्ये साखर किंचित बिघडू लागली असताना टेप्लिझुमॅब हे औषध दिले तर मधुमेह सरासरी दोन वर्षे लांबतो. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये आठ वर्षांवरील वयासाठी त्याला मान्यता मिळाली. दोन वर्षे थोडी वाटतील, पण नऊ वर्षांच्या मुलीला सुयांशिवाय मिळालेली दोन वर्षे किती मोलाची, हे मोठ्या मुलाला रोज इन्सुलिन देणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको. मोठ्याच्या डॉक्टरांना धाकटीच्या प्रतिपिंड तपासणीविषयी विचारा. आणि तपासणी करा वा न करा, तिला फार तहान लागू लागली, रात्री लघवीला उठावे लागले, वजन उतरू लागले, तर त्याच दिवशी रक्तातील साखर पाहून घ्या.